अपस्माराची खरी ओळख

तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकावर घडलेला एक प्रसंग मला आजही स्पष्ट आठवतो. गाडीची वाट पाहत उभा असलेला एक तरुण एकाएकी मोठ्याने ओरडून खाली कोसळला. त्याचे सर्वांग लाकडासारखे ताठ झाले, दातखीळ बसली आणि क्षणभराने हातपाय जोरजोराने झटके देऊ लागले. तोंडाला फेस आला. पाहता पाहता भोवती गर्दी जमली. एकाने पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. भाजीवाल्या बाईने कांदा फोडून दिला. कोणी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला, एका धिप्पाड गृहस्थाने त्याचे दोन्ही हात गच्च दाबून धरले, तर चहाच्या दुकानातून कोणीतरी चमचा आणून त्याच्या दातांमध्ये घातला. दीड-दोन मिनिटांनी झटके थांबले व तो तरुण हळूहळू भानावर येऊ लागला. चप्पल धरणाऱ्यास वाटले, चपलेने काम केले. किल्लीवाला म्हणाला, लोखंडाचाच हा गुण. चमचा आणणाऱ्याने मात्र काही म्हटले नाही. कारण तरुणाचा पुढचा एक दात तुटला होता व त्याच्या ओठांवरून रक्त ओघळत होते.

जमलेल्या मंडळींच्या मनात त्या तरुणाविषयी दया होती, ह्यात शंका नाही. पण ज्ञानाची जोड नसलेली दया कधी कधी दात पाडते. तो झटका कोणी काहीही केले नसते तरी तेवढ्याच वेळात थांबणार होता. असे बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप शमतात. त्यामुळे त्या वेळी जो जो उपाय करावा, तो तो लागू पडल्यासारखा दिसतो. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असे मानण्यासारखाच हा प्रकार आहे. पिढ्यान्‌पिढ्या चप्पल आणि कांदा ह्यांची कीर्ती टिकून राहिली, तिचे रहस्य एवढेच.

ह्या विकाराला आपल्याकडे फेफरे, मिरगी, आकडी अशी अनेक नावे आहेत. हल्ली बहुतेक लोक 'फिट येणे' असे म्हणतात. जुन्या वैद्यकग्रंथांतील त्याचे नाव अपस्मार. 'स्मृ' म्हणजे आठवणे. ज्यात स्मृती दूर जाते, तो अपस्मार. हे नाव मोठे मार्मिक आहे, कारण झटक्याच्या वेळी काय घडले हे रुग्णाला बहुधा मुळीच आठवत नाही. चरकसंहितेत ह्या विकारावर स्वतंत्र अध्याय आहेत. त्याच ग्रंथात उन्माद, म्हणजे वेड, ह्यावरचे अध्याय वेगळे आहेत, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. अपस्मार म्हणजे वेड नव्हे, एवढे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. ते पुढे आपणच विसरलो. ग्रीस देशात ह्याला 'पवित्र रोग' म्हणत, कारण तो देवाच्या कोपाने होतो अशी समजूत होती. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षांच्या सुमारास हिपोक्राटीस ह्या वैद्याच्या परंपरेत लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथात ह्या समजुतीचे खंडन केलेले आहे. हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, आणि लोकांना कारण कळत नाही म्हणून ते त्याला दैवी म्हणतात, असे त्या ग्रंथकाराचे म्हणणे होते. दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली, तरी अंगारे-धुपारे व मांत्रिक ह्यांच्या मागे धावणारी कुटुंबे मी माझ्या नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिली.

आता मेंदूत नेमके काय घडते ते पाहू. आपल्या मेंदूत अब्जावधी मज्जापेशी आहेत. त्या एकमेकींना अतिशय सूक्ष्म अशा विद्युत्-संकेतांच्या द्वारे निरोप पाठवितात. आपण हात उचलतो, पाढा आठवतो, आईचा आवाज ओळखतो, ते सारे ह्या निरोपांच्या देवघेवीमुळे. काही पेशी शेजारणीस चेतवितात, तर काही तिला आवरून धरतात. ह्या दोहोंचा तोल जोपर्यंत साधलेला असतो, तोपर्यंत काम सुरळीत चालते. एखादी चांगली चाललेली शाळा डोळ्यांपुढे आणा. एका वर्गात कविता चालू आहे, दुसऱ्यात गणित, तिसऱ्यात कोणी उत्तर देण्यासाठी बोट वर केले आहे. प्रत्येक जण आपापल्या वेळी बोलतो म्हणूनच शाळा चालते. अशा वेळी एका कोपऱ्यातील मुले एकाच सुरात ओरडू लागली, ती ओरड शेजारच्या वर्गात पसरली आणि बघता बघता सगळी शाळा एका तालात ओरडू लागली, तर कोणाचेच काम होणार नाही. थोड्या वेळाने मुलांचे घसे दमतात, गोंधळ शमतो आणि शाळा पुन्हा सुरू होते. अपस्माराचा झटका हा असाच एक गोंधळ आहे. पेशींचा मोठा समूह एकाच वेळी, एकाच तालात, प्रमाणाबाहेर विद्युत्-संकेत सोडू लागतो.

ओरड एका कोपऱ्यातच राहिली, तर झटकाही मर्यादित राहतो. कोणाचा एकच हात फडफडतो, कोणाला नसलेला वास येतो. कोणी काही क्षण निरर्थक चघळल्यासारखे करतो वा कपड्यांशी चाळा करीत राहतो आणि हाक मारली तरी ओ देत नाही. ओरड सर्व शाळाभर पसरली, तर एस. टी. स्थानकावर घडले तसे सर्वांगाचे आचके येतात. परंतु सर्व मेंदूत पसरणारा आणखी एक प्रकार आहे. त्यात पडणे नाही, झटके नाहीत, फेस नाही. त्याच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्या बाबतीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती.

सुमारे १९९० सालची गोष्ट. मी तेव्हा एका खेड्यातील शाळेत सहावीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. वर्गात एक मुलगी होती. तिचा आवाज गोड, वाचन स्वच्छ. पण मोठ्याने वाचता वाचता ती मध्येच थांबे. आठ-दहा सेकंद तिची नजर शून्यात लागे, पापण्या किंचित लवत. मग ती वाचू लागे ती दोन-तीन ओळी सोडून भलतीकडेच. मी रागावत असे. 'लक्ष कुठे आहे तुझे?' असे मी तिला किती वेळा विचारले असेल, त्याची गणती नाही. तिने कधी उत्तर दिले नाही, कारण तिच्यापाशी उत्तर नव्हतेच. मधले क्षण तिच्यापुरते अस्तित्वातच नव्हते. एकदा तर मी तिला पूर्ण तासभर बाकावर उभे केले. त्यानंतर काही दिवसांनी शाळेत आरोग्य तपासणीसाठी एक डॉक्टर आले. मी सहज त्या मुलीची तक्रार त्यांच्या कानावर घातली. त्यांनी कागदाचे एक भिरभिरे करविले, ते तिच्या हाती दिले आणि ते फिरत राहील अशा बेताने जोरजोराने फुंकत राहावयास सांगितले. भिरभिरे गरगर फिरू लागले. दोन-एक मिनिटे झाली असतील नसतील, तोच ते मंदावले आणि थांबले. मुलगी समोर पाहत होती, पण आम्हांला पाहत नव्हती. काही सेकंदांनी तिने पुन्हा फुंकावयास आरंभ केला, जणू मध्ये काही घडलेच नव्हते.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, 'गुरुजी, हिला लक्ष देता येत नाही असे नाही. हिचे लक्ष दिवसातून कित्येक वेळा हिच्या हातून हिसकावून घेतले जाते.' जलद व खोल श्वासोच्छ्वास केल्याने हा प्रकार उघड होतो, हे त्यांनी मला तेव्हा समजावून सांगितले. असे झटके बहुधा ४ ते १० वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, आणि उपचार न झाल्यास दिवसातून कित्येक डझन वेळा येऊ शकतात. घरच्यांना ते स्वप्नाळूपणाचे वाटतात आणि माझ्यासारख्या शिक्षकांना आळसाचे.

मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि हात जोडून म्हणाले, 'गुरुजी, औषध करू, पण गावात कुणाला कळू देऊ नका. पोरीचं लगीन व्हायचंय.' त्यांची भीती पोकळ नव्हती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने, वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येत असणे ही विवाहाच्या आड येणारी बाब ठरविली होती. म्हणजे चरकाने जे दोन विकार वेगळे ठेवले, ते कायद्याने पुन्हा एका ओळीत बसविले. 'किंवा अपस्मार' हे शब्द त्या कायद्यातून १९९९ साली काढून टाकण्यात आले. कायद्यातील दोन शब्द खोडण्यास तेवीस वर्षे लागली; लोकांच्या मनातले शब्द खोडावयास किती लागतील, कोण जाणे. आज पुण्यात 'संवेदना' नावाचा स्वमदत गट अपस्मार असलेल्या तरुण-तरुणींची लग्ने जमविण्याचे कामही करतो. विकार लपवून केलेल्या लग्नात औषधही लपूनच घ्यावे लागते, म्हणजे ते चुकते, आणि मग झटका येतोच. म्हणून आधी सांगणे हेच शहाणपणाचे.

ह्या विकाराचे शास्त्र कसे वाढत गेले, ह्याची कथा मोठी मनोरंजक आहे. लंडनमध्ये जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन नावाचे एक वैद्य होऊन गेले. त्यांच्यापाशी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. होते ते फक्त बारीक निरीक्षण. काही रुग्णांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग मनगट, कोपर, चेहरा अशा ठरावीक क्रमाने चढत जातो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यावरून त्यांनी अनुमान केले की, मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या निरनिराळ्या भागांची ठाणी ओळीने असली पाहिजेत आणि काहीतरी एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे सरकत असले पाहिजे. १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी असे मांडले की, मेंदूच्या करड्या द्रव्यातून अकस्मात व प्रमाणाबाहेर होणारे उत्सर्जन म्हणजेच हा झटका. रुग्णाच्या हाताकडे पाहून मेंदूचा नकाशा काढणे, हे केवढे बुद्धिवैभव!

जॅक्सन ह्यांनी तर्काने जे जाणले, ते डोळ्यांना दाखविले जर्मनीतील जेना येथील हान्स बर्गर ह्यांनी. बर्गर तरुणपणी सैन्यात असताना एकदा घोड्यावरून पडून तोफेच्या गाड्याच्या चाकासमोर आले व थोडक्यात बचावले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्यांच्या बहिणीला भावावर काही संकट आले असे वाटून तिने वडिलांना तार करावयास लावले. ह्या योगायोगाने बर्गर इतके भारावले की, मेंदूतून काही शक्ती बाहेर पडते काय, ह्याचा शोध घेण्यातच त्यांनी आयुष्य घालविले. मनातले विचार तारेवाचून दूर जातात, हे काही सिद्ध झाले नाही. पण १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर पत्रे बसवून त्यांनी मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम नोंदविल्या. १९२९ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला, तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९३४ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून त्यांचे म्हणणे खरे ठरविले. ह्या लहरी व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजाव्या लागतात. आज दवाखान्यात 'ई. ई. जी.' म्हणून जी तपासणी करतात, ती हीच. ती करताना डोक्याला विजेचा झटका देतात, अशी काही पालकांची समजूत असते. ती खोटी आहे. यंत्र वीज देत नाही, मेंदूतील वीज फक्त लिहून घेते.

औषधांचा शोधही असाच आडवाटेने लागला. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान ह्या तरुण जर्मन डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून एक नवे औषध दिले, तर त्यांचे झटकेच कमी झाले. ते फिनोबार्बिटोन आजही वापरात आहे. फेनिटॉइन हे दुसरे प्रसिद्ध औषध रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच तयार केले होते, पण त्याचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. अमेरिकेतील मेरिट व पटनम ह्या दोघांनी १९३८ मध्ये तो दाखवून दिला. त्यानंतर अनेक औषधे निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य उपचार मिळाल्यास शंभरातील ७० रुग्ण झटक्यांवाचून जगू शकतात. काहींच्या बाबतीत औषधे पुरी पडत नाहीत. त्यांतील निवडक रुग्णांना मेंदूवरील शस्त्रक्रियेचा गुण येतो. तरीही गरीब देशांतील बहुसंख्य रुग्णांपर्यंत साधी गोळीदेखील पोहोचत नाही. फिनोबार्बिटोनसारखी गोळी मोठ्या खर्चाची नाही. माझ्या पाहण्यात तरी तिच्या आड पुष्कळदा येते ती लाजच.

ह्या गोळ्या नियमाने घ्याव्या लागतात. 'सहा महिने झटका नाही, आता कशाला?' असे म्हणून त्या एकदम बंद करणे फार धोक्याचे आहे. कारण दबलेला विकार अशा वेळी दुप्पट जोराने उसळतो. दोन वर्षे वा अधिक काळ झटका आला नाही, तर डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात, पण तो विचार त्यांनी करावयाचा असतो. नटराजाच्या मूर्तीत शिवाच्या पायाखाली दडपलेला एक खुजा पुरुष दिसतो. त्याचे नाव अपस्मार. शिव त्याला ठार मारीत नाही, पायाखाली दाबून ठेवतो आणि नृत्य चालू ठेवतो. ती मूर्ती अज्ञानाचे प्रतीक म्हणून घडविली गेली हे खरे. पण रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घेऊन आपले काम करीत राहणारा रुग्ण पाहिला की मला तिची आठवण होते.

अपस्मार कशाने होतो, ह्याचे एकच उत्तर नाही. जन्माच्या वेळी बाळाला पुरेसा प्राणवायू न मिळणे, डोक्याला जबर मार लागणे, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूतील गाठ अशी नाना कारणे आहेत. काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो, तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. आपल्या देशातील एक कारण मात्र टाळता येण्याजोगे आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात जाणाऱ्या पट्टकृमीची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून मातीत व पाण्यात मिसळतात. तेथून ती न धुतलेल्या भाजीबरोबर दुसऱ्या कोणाच्याही पोटात जाऊ शकतात आणि त्यांतील अळ्या रक्तावाटे मेंदूत जाऊन बसतात. म्हणून शुद्ध शाकाहारी मनुष्यालाही हा त्रास होतो. शौचालय, स्वच्छ हात व धुतलेली पालेभाजी ह्यांचा मेंदूशी असा जवळचा संबंध आहे. अपस्मार स्पर्शाने मात्र होत नाही, आणि रुग्णाच्या तोंडचा फेस लागल्यानेही होत नाही. लहान मुलांना तापात येणारी आकडी हाही सहसा अपस्मार नसतो. शंभरातील दहा माणसांना आयुष्यात एखादा झटका येऊ शकतो. कारणावाचून तो पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर त्याला अपस्मार म्हणतात.

अशा मुलामुलींनी शाळेत जावे, खेळावे, परीक्षा द्याव्यात. विहीर, नदी, उंच झाड, चूल अशा ठिकाणी एकटे असू नये आणि जागरण टाळावे, एवढी काळजी पुरे. वाहन चालविण्याच्या परवान्याबाबत आपल्याकडचे नियम कडक आहेत, आणि त्यांचे कारण उघड आहे. बाकी क्षेत्रे मोकळी आहेत. रशियाचे थोर कादंबरीकार दोस्तोएव्हस्की ह्यांना अपस्मार होता. इंग्लंडचे कर्णधार टोनी ग्रेग ह्यांनाही तो होता. १९७६-७७ मध्ये ते भारतात संघ घेऊन आले, तेव्हा आम्ही मुले रेडिओला कान लावून बसत असू. आमच्या संघाला जेरीस आणणाऱ्या ह्या साडेसहा फुटी खेळाडूला फिट येत असे, हे आम्हांला कोणी सांगितले असते तर आमचा विश्वास बसला नसता. दक्षिण आफ्रिकेचे जाँटी ऱ्होड्स ह्यांनी १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेप घेऊन इंझमाम-उल-हक ह्यांना धावबाद केले, ते चित्र तर जगभर गाजले. ऱ्होड्स ह्यांनी आपल्याला अपस्मार असल्याचे कधी लपविले नाही.

भिरभिऱ्याच्या त्या प्रसंगानंतर मी जेथे जेथे काम केले, तेथे दरवर्षी एक तास ह्या विषयाला देत असे. त्याचा उपयोग झालेला मी एकदा प्रत्यक्ष पाहिला. मी मुख्याध्यापक असताना एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी आठवीतला एक मुलगा रांगेतच कोसळला. क्षणभर गलका झाला. पण लगेच त्याच्या मागची मुले पाच-सहा पावले मागे सरली, म्हणजे त्याला वारा मिळाला. एका मुलीने आपल्या दप्तराची घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकविली. दुसऱ्याने जवळची दगडी कुंडी दूर ओढली आणि त्याच्या सदऱ्याचे वरचे बटण सोडले. हातपाय कोणी दाबले नाहीत, कारण दाबल्याने झटका थांबत नाही, हाड मात्र मोडू शकते. तोंडात कोणी काही घातले नाही. जीभ गिळली जाण्याची भीती खोटी आहे, आणि पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत उतरते. आमचा शिपाई मोठा प्रेमळ गृहस्थ. तो धावत कांदा घेऊन आला, तेव्हा एका लहान मुलाने त्याला अडवून म्हटले, 'काका, तो भाजीत घाला.' मी घड्याळ हाती धरून उभा होतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा झटका आला, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलावली पाहिजे, हे ठरलेले होते. एक मिनीट चाळीस सेकंदांनी झटके थांबले. तेव्हा दोघांनी त्याला हलकेच कुशीवर वळविले, म्हणजे तोंडातील लाळ बाहेर वाहून गेली. त्याची विजार ओली झाली होती. एका शिक्षकांनी आपला रुमाल त्यावर टाकला आणि मुलांना शांतपणे वर्गांत नेले. एक मित्र तेवढा त्याच्यापाशी बसून राहिला.

दहा-पंधरा मिनिटांनी त्या मुलाने डोळे उघडले. थोडा वेळ तो गोंधळल्यासारखा इकडे तिकडे पाहत राहिला. मग मित्राला ओळखून त्याने विचारले, 'पहिला तास झाला का रे?'

मित्र म्हणाला, 'चालू आहे. गणिताचा आहे, झोप अजून थोडा वेळ.'